बरणीची पातळी

झाकण फिरवलं तेव्हा बाटलीतून फुस्स असा आवाज आला. कुणी ओठ न उघडता सुस्कारा टाकावा, एवढाच. शॅरनचा हात झाकणावर थांबला. ताटात अर्धी भाकरी होती, पिठलं होतं, खिडकीबाहेर दौंडच्या यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत जोडले जात होते, आणि बुधवार, तिचा सुट्टीचा दिवस, नुकता कुठं सुरू झाला होता. लोणच्याला आवाज नसतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण तो ऐकताच ते आपल्याला माहीत होतं हे तिला कळलं. तिनं बाटली उजेडात धरली. कैरीच्या फोडींमधून बारीक बुडबुडे वर येत होते, निवांत, घाई नसल्यासारखे. वर खाराऐवजी पातळसर पाणी होतं आणि त्यावर एक पांढरी साय, सुरकुतलेली. कुरकुंभच्या कंपनीत ती गेली अकरा वर्षं क्यूसीत, माल तपासायच्या विभागात होती. तिथं असं काही टेबलावर आलं असतं तर अर्ध्या मिनिटात लाल लेबल लागलं असतं, खाली सही, की पुढचा नमुना. इथं मात्र तिनं बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले आणि दोन छोटे, एक लांब असा श्वास घेतला. मग डोळे उघडले आणि तिला थोडं हसू आलं, कारण असा श्वास घ्यायची पद्धत तिची नव्हतीच.

ती आईची. कृपाबाईंचं नाक शिरूरच्या मिशन कंपाउंडात प्रसिद्ध होतं. दूध तापवण्याआधी वास, तापवल्यावर वास, शेजारून आलेल्या वाटीवरचं फडकं उचलून वास, आणि तोही देणारीच्या देखत. दोन छोटे, एक लांब. मग भुवया जरा वर जायच्या किंवा जायच्या नाहीत, आणि त्यावरून वाटीचं भवितव्य ठरायचं. शॅरनच्या लग्नात तिनं नवऱ्याकडच्यांचं पनीर परत पाठवलं होतं. वऱ्हाडी पाटावर बसायच्या बेतात, आचारी लाल झालेला, आणि कृपाबाई डोक्यावरचा पदर सावरून शांतपणे म्हणत होत्या की पाहुण्यांना वरणभात वाढू, वरणभात चांगला झालाय. एबनेझर, तिचा नवरा, आजही चिडवतो की आपलं लग्न पनीराशिवाय झालं म्हणून टिकलं. घरी मटणाच्या सुरीच्या मुठीला लाल दोरा बांधलेला असे, आणि ती सुरी भाजीला लागली तर भाजी आणि भाजी चिरणारा दोघांची धडगत नसे. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. गेल्या नोव्हेंबरात दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, तिथल्या खिचडीचा डबा उघडून तिनं वास घेतला होता आणि शॅरनला जवळ बोलावलं होतं. शॅरन वाकली. इतक्या दिवसांत आई काही बोलली नव्हती. आता बोलेल, काहीतरी सांगेल, असं वाटून तिनं कान अगदी ओठांशी नेला. आई म्हणाली, "फ्रीजमधली कोथिंबीर कागदात गुंडाळ. पिशवीत तशीच हाय." ते शेवटचं. पाच महिने शॅरन त्या वाक्यात आणखी काही सापडतं का पाहत होती. कोथिंबीरच सापडत होती.

ही बाटली पप्पांनी गेल्या रविवारी भरून दिली होती. चर्चमधून आल्यावर त्यांनी कोनाड्यातली बरणी खाली उतरवली, पाठ तिच्याकडे करून, आणि कॉफीच्या रिकाम्या बाटलीत लोणचं काढलं. शॅरनला तेव्हा बरं वाटलं होतं, की पप्पा स्वतः काही करताहेत. आईनं गेल्या वर्षी मे महिन्यात घातलेलं ते लोणचं. आईच्या हातचं आता जगात एवढंच उरलं होतं. पापड जानेवारीत संपले, शेवटची चकली फेब्रुवारीत नरम पडलेली तिनं उभ्याउभ्या खाल्ली होती. आणि मग एक गोष्ट लक्षात येऊन ती उठलीच: बाटलीत जे होतं तेच बरणीतही होतं, आणि बरणीतलं पप्पा रोज खात होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, साखर वाढलेली, एकटा. तिनं फोन लावला. लोणचं कसं आहे, असं विचारलं. "येक नंबर हाय," पप्पा म्हणाले. "का गं, संपलं व्हय इतक्यात? बरणी काठोकाठ भरल्याली हाय अजून."

काठोकाठ. बसमध्ये बसल्यावर तो शब्द तिला टोचायला लागला. अकरा महिने रोज खाल्लेली बरणी काठोकाठ कशी असेल? चौफुला मागं पडला, पारगावचा पूल आला, खाली भीमेचं पाणी शेवाळलेलं, उसाच्या ट्रॅक्टरमागं बस रांगत होती. पुढच्या सीटवरची बाई मोबाइलवर मोठ्यानं कुणाला तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगत होती. शॅरनच्या पिशवीत ती बाटली, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली, एखादा नमुना न्यावा तशी. कंपनीत नाकाला काम नसतं; तिथं हुंगणं म्हणजे मूर्खपणा, धोकाच. नोकरी लागली तेव्हा हे तिनं घरी येऊन जरा तोऱ्यात आईला सांगितलं होतं, की तुझं नाक आमच्याकडं चालायचं नाही. वाटलं होतं आई भांडेल. आई पोळ्या लाटत होती. लाटता लाटता तिनं मुलींच्या वसतिगृहातली गोष्ट सांगितली, जी शॅरननं त्याआधी कधी ऐकली नव्हती. कृपाबाई तिथल्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. नाताळचा पुलाव आदल्या संध्याकाळीच करून ठेवला होता, मोठ्या पातेल्यात. गरम राहावा म्हणून गरम असतानाच झाकण घातलं आणि वर घोंगडी टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाढला. तिसऱ्या प्रहरापर्यंत चौतीस मुली ओकत होत्या. सगळ्या बऱ्या झाल्या, कुणी कृपाबाईंना एक शब्द बोललं नाही. "वास घेतला होता मी," आई म्हणाली होती. "चांगला होता. म्हणून तर वाढला." आणि तव्यावरची पोळी उलटली होती. त्यानंतर बरेच दिवस शॅरनला आईच्या हुंगण्याकडे पाहवत नसे. वास आला तर आई टाकायचीच. पण वास नाही आला तरी ती थांबायची, चिकटपट्टीवरची तारीख वाचायची, आणि मग ठरवायची. हे सगळ्यांना दिसायचं, पण लोक हसायचे ते फक्त तिच्या नाकाला.

पप्पा दारातच होते. इसहाक यांनी एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत बॅटरी विभागात काढली होती. निवृत्त होऊनही त्यांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असे आणि उभं राहणं नेहमी एखाद्या बॉनेटशी असल्यासारखं, किंचित वाकून. सुट्टीच्या दिवशी पोरगी न सांगता आली म्हणजे काहीतरी बिघाड आहे, हे त्यांनी ओळखलं, पण आधी पाणी दिलं. घर झाडलेलं होतं, भांडी पालथी घातलेली, मटणाच्या सुरीचा लाल दोरा नवीन. शॅरननं बरणी खाली घेतली. चिनी मातीची, खांद्याला तपकिरी पट्टा, तोंडाला फडकं, फडक्याला सुतळी. सगळं आई ठेवायची तसंच. सुतळीची गाठसुद्धा आईसारखी. बरणीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर आईचं तिरकं अक्षर, मे महिन्याची तारीख. शेजारी एक विणायची सुई, स्वच्छ पुसलेली, आणि तिच्या टोकापासून चार बोटांवर पेननं मारलेली खूण. शॅरननं झाकण उचललं. बरणी खरोखर काठोकाठ होती. पाण्यासारखं पिवळसर काही, वर जाड साय, आणि सायीला एका कडेनं हिरवट रंग चढायला लागलेला.

"पप्पा, ही सुई कशाला?"

"पातळी बघाया."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आईनं त्यांना एकच गोष्ट वारंवार सांगितली होती: फोड उघडी पडता कामा नये, खाराखाली बुडालेली पाहिजे. आई गेल्यावर ते रोज एकच फोड काढायचे, कोरड्या चमच्यानं, हात धुऊन पुसून. तरी पातळी उतरायची. डिसेंबरात एक दिवस वरच्या फोडी उघड्या दिसल्या. जन्मभर त्यांनी हेच काम केलं होतं. बॅटरीतल्या प्लेटा उघड्या पडल्या की बॅटरी मेली. त्यावर इलाजही त्यांना पाठ होता. त्यांनी बॅटरीच्या दुकानातून नवाकोरा कॅन आणला, सील फोडलं, आणि आईच्या सुईनं मोजून बरणीत डिस्टिल्ड वॉटर टाकलं. तेव्हापासून दर रविवारी, चर्चहून आल्यावर. "नळाचं नव्हं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा अभिमानही होता. "त्यात काय बी नसतं, शॅरन. क्षार न्हाई, जंतू न्हाई. सगळ्यात शुद्ध पाणी. तुझी आई बी त्याला नाक लावून काय बोलली नसती."

शॅरन पाटावर बसली. तिला हसू आलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे कळत नव्हतं. तिनं समजावलं, जसं ती नव्या पोरांना समजावते, हळू. बॅटरीतलं पाणीच उडतं, आम्ल मागं राहतं, म्हणून तिथं पाणी घालणं बरोबर. लोणच्यात मुळात पाणी येऊ द्यायचंच नसतं. कैरीचं असतं तेही मीठ ओढून घेतं, म्हणून तर जंतूंना तिथं जगता येत नाही. तुम्ही दर आठवड्याला त्यांच्यासाठी प्यायला पाणी ठेवलंत. शिवाय ते पाणी बॅटरीसाठी असतं, पोटासाठी नाही. पप्पा ऐकत होते, मान हलवत होते, आणि मध्येच त्यांनी चमचा उचलला. वरची साय काढून टाकली तर? खालचं चांगलंच असणार. तिनं सांगितलं की वर दिसतात ती नुसती बुरशीची फुलं, मुळं खालपर्यंत गेलेली असतात, डोळ्याला दिसत नाहीत. मग पुन्हा तापवलं तर? तापवून जंतू मरतील, त्यांनी आत सोडलेलं सगळं जाईलच असं नाही. पोटाला काही त्रास? तसं काही नाही, ते म्हणाले, आणि जरा वेळानं, थोडं पातळ होतंय दोन दिवस, उन्हाळा हाय. शॅरननं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दाराबाहेर पाहिलं.

"मग तुम्ही मला विचारलं का नाही? एक फोन करायचा."

"तुला इचारलं असतं तर तू टाक म्हणाली असतीस," पप्पा म्हणाले. "तिला इचारलं असतं तर ती बी. म्हणून तर न्हाई इचारलं."

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून नगर रस्त्यावरच्या गाड्यांचा सतत खर्ज येत होता. शॅरनच्या मनात एक वेडा हिशेब चालू झाला होता: अगदी तळाशी, अगदी बुडाशी, जिथं मीठ साचलेलं असेल, तिथल्या दोनतीन फोडी? नुसत्या ठेवायला, खायला नव्हे? एखाद्या सीलबंद बाटलीत? असा प्रश्न कंपनीत कुणी विचारला असता तर तिनं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं असतं. आईच्या बोटांनी या फोडी दाबल्या होत्या. प्रत्येक फोड तिनं फडक्यानं पुसली होती, कोय काढली होती, आतला पातळ पापुद्रा नखानं सोलला होता. लाल लेबल लावणारा हात मांडीवर पडून राहिला. तेवढ्यात पप्पांनी बरणी स्वतःकडे ओढली आणि वाकून वास घेतला. दोन छोटे, एक लांब. त्यांनाही ते लागलं होतं तर. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दुसरं काय लागणार.

"बग की," ते म्हणाले. "आंबट वास हाय, पर वाईट न्हाई. बराच हाय."

"पुलावाचाही बराच होता, पप्पा."

हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. पप्पांनी मान वर केली. त्या नाताळला डेपोतली जीप मागून घेऊन वसतिगृह ते दवाखाना अशा सहा फेऱ्या त्यांनीच केल्या होत्या. शेवटच्या फेरीत कृपा मागं बसली होती, मांडीवर दोन पोरी घेऊन, आणि रस्ताभर एकच वाक्य म्हणत होती, वास चांगला होता, वास चांगला होता. हे त्यांनी आता, बरणीकडे बघत, सांगितलं. त्यांनी झाकण लावलं. सुतळी बांधायला घेतली, मग सोडून दिली. "ती असती तर मगाशीच टाकलं असतं," ते म्हणाले, "आन् मला चार शब्द सुनावले असते." ते उठले आणि बरणी त्यांनी स्वतः उचलली, कमरेवर, पाण्याची घागर घ्यावी तशी.

कुठं टाकायचं यावर त्यांचं पाच मिनिटं चाललं. लिंबाच्या आळ्यात नको, मिठानं झाड जळेल. मोरीत नको, तेल तुंबेल. मांजराच्या, कुत्र्याच्या तोंडी लागेल अशा जागी तर नकोच, हे दोघं एकदम म्हणाले, आईच्या सुरात. शेवटी जाड पिशवीत ओतून, गाठ मारून, वर दुसरी पिशवी, त्यात दौंडहून आलेली बाटलीही गेली. त्या दिवशी घंटागाडी उशिरा आली, भोंग्यावर ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं गात. पप्पा पिशवी घेऊन गाडीपाशी गेले आणि दोन कप्प्यांसमोर थांबले. गाडीवाली बाई, गीताबाई, घाईत होती. हातमोज्यानं तिनं विचारल्यासारखा इशारा केला, काय आहे.

"लोणचं हाय," पप्पा म्हणाले. "ओल्यात टाकू का सुक्यात?"

"लोणचं ओल्यात की, आबा."

"तसं ते सुकंच होतं," पप्पा म्हणाले. "मी ओलं केलं."

दारात उभ्या शॅरनला हसू फुटलं. ती फाटकाला धरून हसली, पोटात कळ येईपर्यंत; गीताबाईला काही कळलं नाही पण तीही हसली, आणि पप्पा पिशवी सोडून मागं वळले तेव्हा त्यांचा चेहरा हसरा होता आणि ओला होता. नोव्हेंबरपासून घरात कुणी असं हसलं नव्हतं. त्याच दुपारी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या आणि लोणच्याची हकिगत दोनदा सांगायला लावली.

बरणीवरची चिकटपट्टी गरम पाण्यात आपोआप सुटून आली. शॅरननं ती थांबवली नाही. कढत पाणी, सोडा, पुन्हा कढत पाणी. मग बरणी अंगणात पालथी, मग उताणी, तीन दिवस उन्हात. पप्पा सावली सरकेल तशी बरणी सरकवत होते, असं फोनवर सांगायचे. बाजाराच्या दिवशी ती रजा टाकून परत आली. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागले होते आणि रंगुबाई नेहमीच्या जागी गोणपाटावर बसली होती, पुढ्यात मोठा अडकित्ता. इसहाकना पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि शॅरनला पाहून तोंड सोडलं.

"बाई, तुझ्या आईनं लई छळलं मला. माझा अडकित्ता पुसायची. माझ्या फडक्यानं न्हाई हां, तिच्या फडक्यानं. लोकं हसायची, म्हनायची रंगुबाई, बाई तुला म्हारोगी समजती का काय." तिनं एक कैरी हातात तोलली. "औंदा कोन पुसनार?"

शॅरननं पिशवीतून फडकं काढलं. रंगुबाईनं मान वळवून हसू लपवलं आणि अडकित्ता पुढं केला.

घरी फोडी फडक्यावर पसरल्या, पंख्याखाली, आणि तेव्हा शॅरनच्या लक्षात आलं. पाणी नको, ओला चमचा नको, तेल गरम असताना ओतायचं नाही, बरणीला हिंगाची धुरी द्यायची, केस बांधायचे, अंगठी काढायची. आत काय जाऊ द्यायचं नाही ते आईनं तिला सगळं शिकवलं होतं. आत काय घालायचं, किती, हे तिला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. आई होती ना. ती फोडींकडे बघत राहिली. चुलीवर तेल तापत होतं. पप्पा डब्यांच्या फळीशी उभे होते, पाठमोरे, आणि एकेक डबा खाली काढत, डेपोच्या स्टोअरमध्ये मागणी वाचावी तसे म्हणत होते: कैरी पाच किलो. मीठ पाऊण, जाडं. मोहरीची डाळ पाव. मेथी पन्नास ग्रॅम. हळद शंभर. तिखट पाव, त्यातलं निम्मं बेडगी. हिंग खडा, भुकटी न्हाई. तेल सव्वा लिटर. चव्वेचाळीस वर्षं सामान आणायला तेच जात होते. लोणचं कसं करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण एक वस्तू कमी आणली तर काय होतं हे चांगलं ठाऊक होतं.

मीठ-हळद लावायची वेळ आली. पप्पांनी हात धुतले, पुसले, उन्हात धरले, आणि तळवे तिच्यासमोर केले, दोन्ही बाजू. आईसमोर ते असेच धरायचे आणि आई दर वर्षी नापास करायची. बॅटरीच्या शिशाचा काळा रंग रेषांत बसला होता तो कधी निघालाच नाही. ते काळं निघत नाही, तुम्ही चमच्यानंच घाला, म्हणायची. निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती. रेषा आता नुसत्या रेषा होत्या. शॅरननं ते हात नाकाशी नेले. साबण, ऊन, किंचित हिंग.

"घाला," ती म्हणाली.

ते पहिल्यांदाच हातानं लोणचं कालवत होते. हळदीनं मनगटापर्यंत पिवळे झाले. मधूनच थांबून फोड दोन बोटांत धरून बघत, जणू काही सांगेल. तेल गार झालं, पूर्ण गार, शॅरननं पातेल्याच्या बुडाला हात लावून दोनदा पाहिलं. मग ओतलं, आणि फोडी सावकाश बुडाल्या. वर तेलाचा सोनेरी थर आला. पप्पांनी चिकटपट्टी कापली, तारीख घातली, बरणीला लावली. मग कोनाड्यातून सुई काढली.

"आन् कमी झालं तर?"

शॅरननं बरणीचं तोंड बांधायला फडकं घेतलं होतं. तापवून गार केलेलं तेल घालायचं, असं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे बघून वेगळंच बोलली. "कमी होऊ द्या, पप्पा."

ते सुईकडे बघत राहिले. मग त्यांनी ती आधी ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसली. पेनची खूण अंगठ्यानं घासून घालवली. आतल्या खोलीत पलंगाखाली आईची विणकामाची पिशवी होती. शॅरननं ती नोव्हेंबरपासून उघडली नव्हती. पप्पांनी ती उघडलेली होती, हे तिला आत्ता कळलं: आत करड्या लोकरीचा अर्धा स्वेटर, त्यांच्याच मापाचा, आणि सुई काढून घेतल्यावर टाके सुटू नयेत म्हणून सायकलच्या चाकाची एक तार त्यातून ओवलेली. ते पलंगावर खिडकीशी बसले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, आणि तारेवरचा एकेक टाका पुन्हा सुईवर घ्यायला लागले. हळदीचे पिवळे डाग करड्या लोकरीला लागत होते. आई असती तर आधी हात धुवायला लावले असते. शॅरननं बरणीची गाठ मारली आणि बरणी कोनाड्यात ठेवली.